लिंबावरच्या अळ्या मारू का? आणि अळी म्हणजे नक्की कोण?

प्रश्न असा आलाय की गॅलरीतल्या कुंडीत लिंबाचं झाड आहे, त्याच्यावर हिरव्या जाड अळ्या आल्यात, चार दिवसांत निम्मी पानं खाल्ली, हात लावला की डोक्यातून लाल शिंगं बाहेर काढतात आणि घाण वास येतो, तर कुठलं औषध मारू. आणि सोबत मुलाचा प्रश्न, की अळी हा वेगळा किडा असतो का, आणि अळ्यांचा उपयोग काय.

ताई, आधी एवढंच सांगतो की औषध मारू नका. ती अळी लिंबाच्या फुलपाखराची आहे, लाइम बटरफ्लाय म्हणतात. ती चावत नाही, तिला नांगी नाही, केस नाहीत, विषारीही नाही. लाल-केशरी शिंगं दिसतात तो डोक्यामागे दडवलेला एक मऊ अवयव आहे, मुंगी किंवा पक्षी जवळ आला की ती तो बाहेर काढते आणि वासाने त्याला पळवून लावते, तुमच्या बोटालाही तेच केलं तिने. नीट शोधलंत तर त्याच झाडावर छोट्या काळपट-पांढऱ्या अळ्यासुद्धा सापडतील, पक्ष्याची शीट पडल्यासारख्या दिसणाऱ्या. त्या वेगळ्या जातीच्या नाहीत, याच अळ्या लहान असताना तशा दिसतात, आणि शेवटची कात टाकली की एकदम हिरव्या होतात. कढीपत्ता, बेल, संत्रं, मोसंबी ही सगळी लिंबाच्याच कुळातली झाडं, त्यामुळे ही मंडळी तिथेही भेटतात. कढीपत्त्यावर बऱ्याचदा कॉमन मॉरमॉनच्या अळ्या असतात त्याही जवळपास अशाच दिसतात. आणि महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू नीलवंत, म्हणजे ब्लू मॉरमॉन, 2015 साली जाहीर झालं ते (राज्य फुलपाखरू ठरवणारं आपलं पहिलं राज्य), त्याची अळीपण लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढते. म्हणजे तुमच्या कुंडीवर जे आलंय ते राज्य फुलपाखराचं जवळचं नातेवाईक आहे.

आता मुलाचा प्रश्न, जो मला जास्त आवडला. अळी हा वेगळा किडा नाही, ते कुणाचं तरी बाळ आहे. पण कुणाचं, हे बघणं महत्त्वाचं, कारण आपण मऊ, लांबट, वळवळणारं काहीही दिसलं की अळी म्हणून मोकळे होतो. आंब्यात निघते ती पांढरी बिनपायाची अळी फळमाशीची, म्हणजे माशीचं पोर. ऊस-भुईमुगाची मुळं खाणारी हुमणी ही भुंगेऱ्याचं पोर, जे भुंगेरे पहिला पाऊस झाला की कडुनिंब-बाभळीवर संध्याकाळी गोळा होतात. टोमॅटोच्या पानात वेड्यावाकड्या पांढऱ्या रेषा काढणारी नागअळी माशीची, आणि लिंबाच्या कोवळ्या पानात तशाच रेषा काढणारी नागअळी मात्र पतंगाची. दिसायला काम सारखंच, घराणं वेगळं, आणि उपायही वेगळे. मी जिला अळी म्हणतोय ती फुलपाखरं आणि पतंग यांचं पोर. केसाळ असली की आपण तिला सुरवंट म्हणतो.

हे घराणं फार मोठं आहे. फुलपाखरं-पतंग मिळून जगात दीड लाखाच्या वर जाती नोंदल्यात, त्यातली फुलपाखरं जेमतेम 18-19 हजार, बाकी सगळे पतंग. म्हणजे रस्त्यात, शेतात, झाडावर कुठलीही अळी दिसली तर ती पतंगाची निघायची शक्यता कितीतरी जास्त, पण लोक विचारताना कायम विचारतात की याचं कुठलं फुलपाखरू होणार. या घराण्याचे सगळ्यात जवळचे भाऊबंद कोण, तर ओढ्याच्या पाण्यात वाळू-काड्यांची नळी करून राहणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्या. सह्याद्रीतल्या स्वच्छ ओढ्यात दगड उलटा केला की दिसतात. त्यासुद्धा तोंडातून रेशीम काढतात, आपल्या अळ्या काढतात तसंच.

ओळखायचं कसं, तर पाय मोजा. अळीला छातीवर खऱ्या पायांच्या 3 जोड्या असतात, टोकदार, पुढे फुलपाखराला जे 6 पाय येतात ते याच जागी. त्यामागे पोटाखाली मऊ मांसल खोटे पाय असतात, जास्तीत जास्त 5 जोड्या, आणि त्यांच्या तळाला बारीक आकडे असतात म्हणून ती काडीला अशी घट्ट धरते की ओढून निघत नाही. पोटाखाली 5 पेक्षा जास्त जोड्या दिसल्या तर ती फुलपाखराची नाहीच. मुळ्यावर, मोहरीवर काळी अळी येते तिला 8 जोड्या असतात, ती सॉफ्लायची अळी, म्हणजे मधमाश्या-गांधीलमाश्यांच्या कुळातली. उंटअळीला मधल्या जोड्या नसतात किंवा कमी असतात म्हणून ती पाठीची कमान करून चालते, सोयाबीनवाल्यांना ती चांगली माहिती आहे. मुलाच्या हातात एक भिंग द्या आणि पाय मोजायला लावा. डोक्याच्या दोन्ही बाजूंना 6-6 बारीक डोळे दिसतील, फक्त उजेड-अंधार आणि ढोबळ आकार कळण्यापुरते, आणि अंगाच्या बाजूला ठिपक्यांची ओळ दिसेल ती नाकं आहेत, म्हणजे श्वास घ्यायची भोकं.

आता ही अशी सोय निसर्गात का झाली असेल? नाकतोड्याचं पिल्लू बघा, ते लहानपणापासून नाकतोड्यासारखंच दिसतं, आईबाप खातात तेच खातं. फुलपाखराचं तसं नाही, अळी पानं चावते आणि मोठं फुलपाखरू सोंडेने मध पितं, त्यामुळे आईबाप आणि पोरं एकाच ताटात हात घालत नाहीत. खायचं आणि वाढायचं काम सगळं अळीकडे, जोडीदार शोधणं, अंडी घालणं आणि लांब उडून नवीन झाड गाठणं हे काम पंखवाल्याकडे. माश्या, मुंग्या, मधमाश्या, भुंगेरे या सगळ्यांनी हीच वाट धरलीय आणि कीटकांमध्ये बहुसंख्य तेच आहेत. कोषात काय होतं तेही मुलाला सांगा, अळीच्या शरीराचा बराचसा भाग आतल्या आत विरघळतो आणि तिच्या अंगात आधीपासून झोपून असलेल्या पेशींच्या चकत्यांपासून पंख, पाय, डोळे नव्याने तयार होतात. अळीला पंख फुटतात असं म्हणणं बरोबर नाही, पंखांचं बी अळीत आधीच असतं.

उपयोग काय, हा प्रश्न मात्र मी थोडा फिरवून घेतो, कारण आपल्याला काय मिळतं एवढंच बघितलं तर अर्धं उत्तर रेशमात संपेल. तेही कमी नाही, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या पिढ्यानपिढ्या वाढवल्या जातात, ढिवर समाजातली माणसं दिवसभर झाडाखाली थांबून पक्ष्या-मुंग्यांपासून त्या राखतात, ही फार मेहनतीची आणि बारकाईची विद्या आहे आणि तिला मिळायला हवा तेवढा मान मिळत नाही असं मला मनापासून वाटतं. पण अळीचं खरं काम वेगळं आहे. झाडाचं पान बहुतेक प्राण्यांना पचत नाही, अळी ते पान मांसात बदलते, आणि मग अर्धं जग ती अळी खाऊन जगतं. दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिल्लांना सुरुवातीला अळ्या आणि किडेच भरवते, कारण कोवळ्या पिल्लाला दाणा चालत नाही. पावशा आणि चातक तर आपण ज्याला हात लावायला घाबरतो ते केसाळ सुरवंट आवडीने खातात, आणि त्यांचा पावसाळा नि सुरवंटांचा पावसाळा एकच असतो. घराच्या आसपास चिमण्या राहिल्या नाहीत म्हणून हळहळणारे लोक त्याच बागेत महिन्याला फवारणी करून घेतात, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

पावसाच्या सुरुवातीला सागाच्या जंगलात गेलात तर कधीकधी झाडंच्या झाडं बोडकी दिसतात, सागाची पानं खाणाऱ्या अळ्या लाखोंनी येतात, आणि खाली उभं राहिलं की त्यांची विष्ठा वाळल्या पानांवर पडताना बारीक पाऊस पडतोय असं वाटतं. ती विष्ठा म्हणजे पानातलं खत थेट जमिनीत. सागाची वाढ त्या वर्षी मागे पडते, पण झाड मरत नाही, नवी पालवी फुटते. तुमच्या लिंबाचंही तेच होणार आहे.

आणि पक्ष्यांपेक्षा मोठं सैन्य आहे ते गांधीलमाशीच्या कुळातल्या माश्यांचं. कीर्तनात भ्रमर-कीटकाचा दाखला ऐकला असेल, की भिंगुरटी अळीला मातीच्या घरात आणून ठेवते आणि अळी तिचाच ध्यास घेऊन शेवटी भिंगुरटी होऊन बाहेर पडते. जुन्या माणसांचं निरीक्षण किती बारीक होतं बघा, आत गेलेली अळी आणि बाहेर आलेली माशी त्यांनी दोन्ही नीट पाहिलेलं. मधलं काय ते असं, की कुंभारीण माशी, म्हणजे तीच भिंगुरटी, अळीला नांगी मारून लुळी करते पण मारत नाही, म्हणजे ती सडत नाही, मग तशा अळ्या मडक्यात भरते, आत स्वतःचं एक अंडं ठेवते आणि तोंड लिंपून टाकते. अंड्यातून निघालेलं पोर ती ताजी शिदोरी खाऊन वाढतं आणि माशी होऊन मडकं फोडून बाहेर येतं. मातीची घरं बांधणाऱ्या काही माश्या कोळी भरतात, पण मडकं घडवणाऱ्या कुंभारणी बहुतेक अळ्याच भरतात. तुमच्या भिंतीवर, खिडकीच्या चौकटीत असं मडकं असेल तर खरवडू नका.

याच्यापेक्षा बारीक माश्या आहेत, त्या थेट जिवंत अळीच्या अंगात अंडी घालतात. कधी अळीच्या अंगावर पांढऱ्या किंवा पिवळ्या तांदळाएवढ्या गोळ्या चिकटलेल्या दिसतात आणि लोक म्हणतात अळीने अंडी घातली. अळी अंडी घालूच शकत नाही, ती बाळ आहे. ते त्या माशीच्या पोरांचे कोष, आतून अळी खाऊन बाहेर पडलेल्या. यातल्या काही माश्या अंड्यासोबत एक विषाणूही अळीच्या अंगात सोडतात, तो अळीची प्रतिकारशक्ती बंद पाडतो म्हणून अंडी आत सुखरूप राहतात. ट्रायकोग्रामा तर इतकी लहान की ती पतंगाच्या अंड्यात अंडं घालते, अळी जन्मालाच येत नाही, शेतकरी ट्रायकोकार्ड, म्हणजे ही माशी आत वाढत असलेल्या अंड्यांचं कार्ड, लावतात ते हेच. म्हणून अंगावर गोळ्या असलेली अळी दिसली तर तिला मारायचं नाही, तिथूनच पुढच्या माश्या निघणार आहेत.

सगळ्या अळ्या पानंच खातात असंही नाही. एपफ्लाय नावाच्या छोट्या फुलपाखराची अळी पिठ्या ढेकूण खाते. जास्वंदीवर, पपईवर तो पांढरा कापसासारखा ढेकूण येतो ना, त्याच्यातच ती लपलेली असते, अंगावर तीच पांढरी पूड घेऊन. आपण साबणाचं पाणी मारतो तेव्हा ढेकणासोबत त्याला खाणारीही जाते. आणि ज्यांना ब्लूज म्हणतात त्या छोट्या निळ्या फुलपाखरांच्या बऱ्याच अळ्या पाठीतून गोड रस देतात, मुंग्या तो चाटतात आणि बदल्यात राखण करतात. शेंगेवर, कळीवर अळीभोवती मुंग्या फिरताना दिसल्या तर त्या तिला खातायत असं लगेच समजू नका.

आता कुणी शेतकरी वाचत असेल तर म्हणेल की तुमचं गॅलरीत ठीक आहे, आमचं पीक जातंय त्याचं काय. बरोबर आहे, मी शेतातच जास्त फिरतो आणि अळीचं नुकसान जवळून बघितलंय. हरभऱ्यावर घाटेअळी, तुरीत शेंगा पोखरणारी, कपाशीत हिरवी बोंडअळी आणि टोमॅटोत फळ पोखरणारी, या चारही ठिकाणी एकच जात असते. म्हणून एका पिकातली संपली तरी शेजारच्या पिकातून ती परत येते, एकट्या शेताचा विचार करून चालत नाही. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी 2018 साली आधी कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी आपल्याकडे आली, तिच्या डोक्यावर उलटा वाय दिसतो आणि शेपटीकडे चौकोनात 4 ठिपके, पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या सुरळीत बसून खाते. ती इथली नाही, तिचे जुने शत्रू तिच्यासोबत आले नाहीत म्हणून सुरुवातीला तिने एवढा धुमाकूळ घातला.

कपाशीची गोष्ट मात्र सगळ्यांनी समजून घ्यावी. बीटी कापूस, म्हणजे एका जिवाणूचा जीन घातल्यामुळे अळीला मारणारं विष स्वतःच बनवणारी कपाशी, 2002 ला आला, 2006 ला दोन जीनवाला आला. बीटीचं विष अळीच्याच पोटात काम करतं कारण तिचं आतडं अल्कधर्मी असतं, माणसाच्या पोटात तसं होत नाही. पहिली काही वर्षं बोंडअळी गायब झाल्यासारखी झाली. पण गुलाबी बोंडअळी ही जवळपास फक्त कपाशीवरच जगणारी, म्हणजे तिच्या प्रत्येक पिढीला तेच विष मिळत गेलं, विषाची सवय नसलेल्या अळ्याही टिकाव्यात म्हणून कडेला साधी कपाशी लावायची ती बहुतेकांनी लावली नाही, शिवाय पाणी होतं तिथे फरदड घेतली, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच कपाशी पुढे ठेवली, त्यामुळे तिला जेवण वर्षभर सुरू राहिलं. जी मोजकी अळी विषाला पुरून उरली तिचीच पोरं वाढत गेली, आणि 2017 ला विदर्भ-मराठवाड्यात बोंडंच्या बोंडं आतून किडलेली निघाली. ती बोंडात बंद असते, वरून फवारलेलं तिच्यापर्यंत पोचत नाही, पक्ष्याची चोच पोचत नाही. त्याच हंगामात यवतमाळमध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर गेले. अळीचं आयुष्य न बघता नुसतं औषध बदलत राहण्याची एवढी मोठी किंमत आपण मोजलीय.

म्हणून शेतात माझं सांगणं कायम एकच असतं, आधी मोजा. कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढून धरणारे सापळे लावा, कपाशीत सापळ्यात सलग 3 रात्री 8-8 गुलाबी बोंडअळीचे पतंग आले तर हालचाल करायची, डोमकळ्या, म्हणजे आत अळी असल्यामुळे न उमललेली फुलं, तोडून नष्ट करायच्या, डिसेंबरनंतर फरदड ठेवायची नाही. हरभऱ्यात पक्षीथांबे लावा, कोतवाल आणि साळुंक्या येऊन बसतात आणि फुकट काम करतात. अळी लहान असतानाच 5 टक्के निंबोळी अर्क, कारण आयुष्यभराच्या खाण्यातलं बहुतेक खाणं अळी शेवटच्या एक-दोन अवस्थांत खाते, मोठी झाल्यावर फवारून नुकसानही झालेलं असतं आणि औषधही लागू पडत नाही. झाडाच्या शेंड्याला उलट्या लटकून मेलेल्या, पाणी झालेल्या घाटेअळ्या दिसल्या तर त्या विषाणूने मेल्यात, एचएएनपीव्ही म्हणून तोच विषाणू विकत मिळतो, तो दुसऱ्या कुणाला काही करत नाही.

आणि झाड बघा, अळीच्या आधी झाड बघा. बहुतेक अळ्या फार चोखंदळ असतात, ठरलेलं झाड सोडून दुसरं खात नाहीत, उपाशी मरतात. रुईवरची काळी-पांढरी-पिवळ्या पट्ट्यांची अळी गुलाबावर जाणार नाही, ती रुईचं विष अंगात साठवते आणि त्यामुळे पक्षी तिला टाळतात. आंब्याच्या पानाच्या मधल्या शिरेवर चपटी होऊन बसलेली पिसासारख्या काट्यांची हिरवी अळी बॅरन फुलपाखराची, ती शेजारच्या पेरूवर जाणार नाही. खोट्या अशोकावर, सीताफळावर टेल्ड जे नावाच्या फुलपाखराची अळी असते. उलटी गोष्टही आहे, संत्र्याच्या फळाला सोंड खुपसून रस पिणारा पतंग संत्र्याच्या झाडावर वाढतच नाही, त्याची अळी बांधावरच्या गुळवेल-वासनवेलीवर वाढते, बागेत कितीही फवारा मारा, तो बाहेरून रात्री येतो.

हात कुठे लावायचा नाही तेवढं मुलाला शिकवा. केसाळ सुरवंट, खासकरून शेवग्याच्या खोडाला गठ्ठ्याने चिकटलेले, आणि हिरव्या अंगावर निळसर पट्टा नि काट्यांचे झुबके असलेली चपटी अळी, एरंड, आंबा, नारळावर दिसते ती. केस लागले तर चोळायचं नाही, चिकटपट्टी लावून उचलायची, म्हणजे केस निघून येतात, मग साबणाने धुवायचं, गार पाण्याची पट्टी ठेवायची. डोळ्यात गेलं किंवा श्वासाला त्रास झाला तर लगेच डॉक्टरकडे.

आता तुमच्या लिंबाचं. झाड मोठं असेल तर काहीच करू नका, अळ्यांतल्या बऱ्याचशा बुलबुल, मुंग्या, गांधीलमाश्या घेऊन जातात. रोप अगदी लहान असेल, 20-25 पानांचं, तर दोन अळ्या ठेवा आणि बाकीच्या उचलून कुणाच्या मोठ्या लिंबावर, कढीपत्त्यावर किंवा बेलावर सोडा, पानासकट उचला, ओढू नका. मुलाला पाळायची असेल तर मोठी बरणी, तोंडाला जाळीचं कापड, रोज ताजी लिंबाचीच पानं, रोज विष्ठा साफ, आणि आत एक उभी काडी. नर्सरीतून नुकत्याच आणलेल्या रोपाची पानं देऊ नका, त्यात औषध मुरलेलं असू शकतं. अळी दोन-अडीच आठवडे खाते, मग एक दिवस खाणं सोडून पातळ विष्ठा टाकते आणि सैरावैरा फिरते, ती आजारी नाही, कोषाची जागा शोधतेय. कमरेभोवती रेशमाचा धागा बांधून काडीला टेकते. कोष आठ-दहा दिवसांचा, थंडीत बराच जास्त. बाहेर आल्यावर पंख ओले असतात, तासभर तरी हात लावायचा नाही. आणि कोषातून फुलपाखराऐवजी माशी निघाली तर मुलाला वाईट वाटेल, तेव्हा त्याला अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या त्या बारीक माश्यांची गोष्ट सांगा आणि ती माशीही खिडकीतून सोडून द्या.